स्थानज्ञान आणि अहिंसा : कसबा पेठेच्या नदीकाठचा एक पाठ

विषयप्रवेश

दृष्टांतपाठाचे अध्ययन करणाऱ्या प्रत्येकास जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत परिचित आहे. गावात हत्ती आला आणि काही जन्मांध त्याला पाहावयास गेले. ज्याच्या हाती पाय लागला त्याने हत्ती खांबासारखा ठरविला, ज्याच्या हाती सोंड लागली त्याने मुसळासारखा, तर ज्याच्या हाती कान लागला त्याने सुपासारखा. यांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हता. हाताला जे लागले तेच प्रत्येकाने सांगितले. दोष इतकाच की अंशाला त्याने पूर्ण मानले. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपिलेल्या या दृष्टांताचे मुख्य प्रयोजन परमार्थाचे आहे आणि ते तसेच राहिले पाहिजे. तथापि एकदेशी ज्ञान मनुष्याला कसे फसविते, हे या दृष्टांताने एकदा ध्यानात आले म्हणजे व्यवहारातही त्याचा प्रत्यय जागोजाग येऊ लागतो.

अलीकडे ‘पर्यावरण शिक्षण’ हा शब्द शाळांतून, सभांतून व शासकीय पत्रकांतून वारंवार ऐकू येतो. मनुष्याचा सृष्टीशी तुटलेला संबंध पुन्हा जोडणे, असा त्याचा थोडक्यात अर्थ. हा संबंध कशाने जुळतो आणि अहिंसेचे व्रत घेतलेल्या साधकाला त्याच्याशी काय कर्तव्य आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे. नुसत्या तत्त्वावर बोलण्यापेक्षा एखादे प्रत्यक्ष स्थान समोर ठेवणे अधिक उपयोगाचे, म्हणून पुण्याची कसबा पेठ आणि तिच्या काठाने वाहणारी मुठा नदी हे उदाहरण घेतले आहे. जुनी वस्ती, कारागिरांच्या आळ्या, नदी, ओढा व आधुनिक नगर ही सर्व येथे पायी चालण्याच्या अंतरात एकत्र आढळतात.

स्थानवर्णन

पुण्याच्या पेठांत कसबा ही सर्वांत जुनी. मुठेच्या उजव्या तीरावर ती वसली आहे. पूर्वेच्या अंगाने नागझरी हा ओढा वाहत येऊन नदीला मिळतो. म्हणजे एका बाजूस नदी व दुसऱ्या बाजूस ओढा अशा पाण्याच्या कुशीत ही वस्ती वाढली. कुंभारवेस, तांबट आळी ही येथील नावे आजही त्या वसाहतीची साक्ष देतात. कुंभाराला माती व पाणी दोन्ही हाताशी लागतात. नदीकाठी त्याची वेस असावी हे स्वाभाविकच होते.

मुठा सह्याद्रीत उगम पावते. तिला अंबी व मोशी या नद्या मिळतात. खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले. पुढे अंबीवर पानशेत, मोशीवर वरसगाव व मुठेवर टेमघर अशी धरणे झाली. शहरात संगमापाशी मुठा मुळेला मिळते. मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळते. भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात साठते व तेथून सोलापूर नगराला पिण्यासाठी जाते. तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा म्हणविते.

१२ जुलै १९६१ हा दिवस कसबा पेठेच्या स्मरणातून पुसला जाणारा नाही. त्या दिवशी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. घरे पडली, संसार वाहून गेले, अनेकांना शहराच्या दुसऱ्या टोकास नव्या वसाहतीत जावे लागले. तेव्हापासून अनेक कुटुंबांत नदीची ओळख ‘पूर’ या एका शब्दात उरली.

दार्ष्टांतिक

आता दृष्टांताकडे वळून पाहावे. आज कसबा पेठेतील मनुष्य नदीला कसा ओळखतो? ज्याच्या घरात १९६१ ची आठवण आहे तो म्हणतो, नदी म्हणजे पूर. ज्याला वाहन उभे करावयाचे आहे तो म्हणतो, नदी म्हणजे पात्रातला रस्ता व मोकळी जागा. धरणाचा हिशेब ठेवणारा म्हणतो, नदी म्हणजे इतके घनफूट पाणी. भाद्रपदात काठावर येणारा म्हणतो, नदी म्हणजे विसर्जन. पुलावरून शाळेला जाणारे मूल नाकाला रुमाल लावते आणि म्हणते, नदी म्हणजे दुर्गंध. २९ सप्टेंबर २०२४ पासून तर कसबा पेठ नावाच्या भूमिगत स्थानकातून मेट्रोगाडी धावू लागली. जिल्हा न्यायालयाच्या स्थानकाकडे जाताना ती मुठेच्या तळाखालून जाते. आत बसलेल्या प्रवाशाला आपल्या डोक्यावर नदी आहे, याचे भानही नसते. येथे प्रत्येकाचा अनुभव खरा आहे. परंतु त्यांपैकी एकही नदीचे पूर्ण ज्ञान देत नाही.

जो अंश बहुतेकांच्या हाती लागलेलाच नाही, तो आता सांगितला पाहिजे. कसबा पेठेतील घरात सकाळी नळाला जे पाणी येते ते खडकवासल्याच्या साखळीतले, म्हणजे मुठेच्याच खोऱ्यातले. तेच पाणी न्हाणीच्या व स्वयंपाकघराच्या मोरीतून खाली जाते. त्यातले जेवढे शुद्ध न होता सुटते तेवढे पुन्हा मुठेत पडते. नळ आणि मोरी ही एकाच नदीची दोन टोके आहेत, आणि त्या दोन टोकांच्या मध्ये प्रत्येकाचे घर आहे. पावसाळा सरल्यावर वरचे पाणी धरणांत व कालव्यांत अडते. मग शहरातून जे वाहताना दिसते त्यात सांडपाण्याचा भाग मोठा असतो. याचा अर्थ असा की उन्हाळ्यात पुलावरून जे पाणी पाहून मनुष्य तोंड फिरवितो, ते पुष्कळ अंशी त्याच्याच घरातून आलेले असते.

सांडपाण्याने नदीचे नेमके काय होते हेही समजून घ्यावे. अन्नाचे कण, तेल, मैला हे पदार्थ पाण्यात पडले म्हणजे सूक्ष्म जंतू त्यांवर वाढतात व पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. स्नानास योग्य अशा पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने असे प्रमाण ठरविले आहे की एका लिटरमध्ये विरघळलेला प्राणवायू निदान ५ मिलिग्रॅम असावा आणि जंतूंना लागणाऱ्या प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी. ही मागणी वाढली म्हणजे मासा गुदमरतो. कपडे धुण्याच्या पुडीतील क्षारांनी व सांडपाण्यातील इतर द्रव्यांनी जलपर्णी फोफावते, तिचे आच्छादन उजेड अडविते आणि ती कुजली म्हणजे उरलेला प्राणवायूही संपतो. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये पुण्याच्या माशांची सूची प्रसिद्ध केली होती. त्यानंतरच्या अभ्यासकांनी शहरातील पात्रात मूळचे अनेक मासे नाहीसे झाल्याचे नोंदविले. कमी प्राणवायूत तग धरणारी, आफ्रिकेतून आलेली चिलापी मात्र टिकून राहिली.

शिक्षणाचा प्रयत्न आणि त्यातील उणीव

हे ज्ञान लोकांस द्यावे असा विचार जगात नवा नाही. ऑक्टोबर १९७७ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातील तिबिलिसी नगरात युनेस्कोच्या पुढाकाराने परिषद भरली व पर्यावरण शिक्षणाची पाच उद्दिष्टे ठरली : जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना हा विषय शिक्षणक्रमात आणण्याचा निर्देश दिला. पुण्यातही या दिशेने कार्य झाले. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये इकॉलॉजिकल सोसायटीची स्थापना केली. भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षणाची संस्था १९९३ मध्ये निघाली, तेथील डॉ. इराक भरूचा यांनी महाविद्यालयांसाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर दिले.

तथापि पाठ्यपुस्तक झाले म्हणजे परिचय झाला असे नाही. नदीची व्याख्या लिहून पूर्ण गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या घराची मोरी कोठे जाते हे विचारले असता तो गोंधळतो. तिबिलिसीच्या पाच उद्दिष्टांपैकी पहिल्या दोहोंपाशी शिक्षण थबकते; वृत्ती, कौशल्य व सहभाग ही पुढची तीन पुस्तकात मावत नाहीत. सूत्रपाठात विचार आणि आचार अशी वेगवेगळी प्रकरणे आहेत, याचे मर्म साधकांना सांगावयास नको. विचार ऐकला, पण आचारात उतरला नाही, तर श्रवण पूर्ण झाले असे कोणी म्हणत नाही.

ही उणीव ओळखून पुण्यात काही नागरिक २०१४ पासून ‘जीवितनदी’ या नावाने कार्य करीत आहेत. लोकांना नदीकाठी पायी नेणे, विठ्ठलवाडीसारख्या ठिकाणी काठाचा तुकडा दत्तक घेऊन त्याची नित्य देखभाल करणे, घरातील विषारी रसायने कमी करण्याचे शिक्षण देणे, असे त्यांच्या कार्याचे स्वरूप आहे. यातील पहिली गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आधी पायी जाणे, मग देखभाल, मग घरातील बदल, असा हा क्रम आहे; आणि हा क्रम महानुभावांना परका वाटू नये.

स्थानपोथीची रीत

चौदाव्या शतकात मुनिव्यासांनी स्थानपोथी सिद्ध केली. सर्वज्ञांच्या चरणस्पर्शाने पवित्र झालेली स्थाने तीत नोंदविली आहेत. ही नोंद कशी आहे ते पाहावे. गावाच्या कोणत्या दिशेस, कोणत्या वेशीपासून, कोणत्या देवळाच्या आवारात, पाण्याच्या कोणत्या बाजूस, अशा खुणांनी स्थान निश्चित केले आहे. बसून, ऐकीव माहितीवर असा ग्रंथ होत नाही. पायी जावे लागते, उभे राहून दिशा ठरवावी लागते, तेथील वृद्धांस विचारावे लागते आणि पाहिले तेवढेच लिहावे लागते. जुन्या साधकांना स्थान प्रिय होते, म्हणून त्यांनी ते नेमके जाणले. आणि नेमके जाणले, म्हणून शतकानुशतके ती स्थाने जपली गेली. ज्या स्थानाचा ठावच ठाऊक नाही त्याचे रक्षण कोण करणार?

कोणी म्हणेल, ती पवित्र स्थाने. त्यांची तुलना मुठेच्या गढूळ काठाशी कशी? तुलना पावित्र्याची नाही. ती जाणण्याच्या रीतीची आहे. अटन हे साधकाचे अंग आहे. पायी चालणाऱ्याला सृष्टी जशी भेटते तशी वाहनातून जाणाऱ्याला भेटत नाही. चालताना खाली पाहावे लागते, कारण पायाखाली जीव येऊ नये. आणि खाली पाहणाऱ्यालाच मुंगीची रांग, गवताचे फूल व पाण्याची कड दिसते. अहिंसा आणि निरीक्षण यांचा असा जवळचा संबंध आहे.

नावे व मातृभाषा

केशिराज व्यास संस्कृतात रचना करू लागले असता आचार्य श्रीनागदेवांनी त्यांना आवरले, कारण त्यायोगे साध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील ही त्यांची चिंता होती. स्मृतिस्थळातील हा प्रसंग पर्यावरण शिक्षणालाही लागू पडतो. परक्या संज्ञांत बांधलेले ज्ञान सामान्यांच्या घरात उतरत नाही. मातृभाषेतील नाव मात्र स्वतःच पाठ होऊन बसते.

तांबट आळीचे उदाहरण घ्यावे. येथील कारागीर तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके देऊन भांडी घडवितात. याच नावाचा एक पक्षी आहे. चिमणीएवढा, हिरव्या अंगाचा, कपाळ व छातीवर लाल ठिपका असलेला हा पक्षी माघ-फाल्गुनापासून उन्हाळाभर झाडाच्या शेंड्यावर बसून एकसारखा ‘टुक् टुक्’ असा आवाज करतो. तो तांबटाच्या ठोक्यांसारखा, म्हणून लोकांनी त्याला तांबट म्हटले. हा पक्षी उंबर, वड व पिंपळ यांची फळे खातो आणि त्यांचे बी इतस्ततः पाडतो. जुन्या वाड्यांच्या भिंतीत पिंपळाचे रोप उगवते, त्यात या व अशा इतर पक्ष्यांचा हात असतो. तांबट आळीतील मुलाला हे एकदा ऐकविले म्हणजे आपल्या आळीचे नाव, आजोबांचा धंदा, दारचा पिंपळ आणि शेंड्यावरचा पक्षी ही चारही त्याच्या मनात एका धाग्यात ओवली जातात. हा धागा कोणत्याही परीक्षेने तुटत नाही.

उंबराचेही तसेच. ‘उंबरातले किडे’ ही म्हण संकुचित दृष्टीच्या माणसासाठी वापरतात. प्रत्यक्षात उंबराच्या फळात अगणित बारीक फुले असतात व त्या फुलांचे परागण करणारा चिमुकला कीटक बाहेरून आत शिरतो. त्याची पिले पुढे बाहेर उडून दुसऱ्या झाडाचे फळ गाठतात. तो कीटक नसेल तर उंबराला बी धरणार नाही. म्हणीतला किडा मनुष्य समजतो तितका कोंडलेला नाही; त्याच्यावाचून झाडाचा वंश चालत नाही.

नाव बदलले म्हणजे दृष्टीही बदलते, हे नागझरीवरून कळते. ‘झरी’ या शब्दात वाहत्या, जिवंत पाण्याची आठवण आहे. आज तिला सर्रास ‘नाला’ म्हणतात. झरीत कचरा टाकताना हात अडखळतो. नाल्यात टाकताना अडखळत नाही. जुने नाव मुलांच्या तोंडी पुन्हा आणणे हेही शिक्षणाचेच काम आहे.

अहिंसेचा प्रश्न

आता मूळ मुद्दा. लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांना ठाऊक आहे. पारध्यांनी व कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा सर्वज्ञांच्या गुडघ्याखाली येऊन दडला. पारधी आले, मागू लागले. परंतु शरण आलेल्यास देता येत नाही असे सर्वज्ञांनी त्यांना समजाविले, त्यांचे मन वळविले आणि मग सशाला आदराने निरोप दिला. या लीळेचे मनन करणारा वासनिक मुंगीलाही दुखवीत नाही, हे योग्यच आहे.

परंतु त्याच वासनिकाच्या घरी तळणाचे उरलेले तेल मोरीत ओतले जाते, कालबाह्य औषधे पाण्यात सोडली जातात, फरशी पांढरी दिसावी म्हणून तीव्र आम्ल वापरले जाते. हे सर्व नळीवाटे खाली जाते आणि डोळ्यांआड होते. ससा गुडघ्यापाशी आला, म्हणून दिसला. मुठेतला मासा दारी येऊन शरण मागत नाही. जो दिसतो त्याच्याविषयी करुणा आणि जो दिसत नाही त्याच्याविषयी बेपर्वाई, ही अहिंसा अपुरी होय. न कळत घडले असे आजवर म्हणता येत असेल. परंतु मोरी कोठे जाते हे कळल्यानंतर ते म्हणण्यास वाव राहत नाही. येथे ज्ञान हे आचाराचे बंधन होऊन येते. आणि म्हणूनच पर्यावरण शिक्षण हा महानुभावांना परका विषय नाही.

आक्षेप व समाधान

पहिला आक्षेप : साधकाने प्रपंचापासून अलिप्त असावे, नदी, झाडे, पक्षी यांत मन गुंतविणे ही आसक्तीच नव्हे काय?

समाधान : जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ शास्त्राने भिन्न सांगितले आहेत. नदी ही प्रपंचाच्या कोटीतली. तिला ईश्वरबुद्धीने भजावे असे येथे कोठेही म्हटलेले नाही. किंबहुना नदीला देवता म्हणून ओवाळणे आणि तिच्यातच घाण सोडणे या दोन्ही गोष्टी एकाच शहरात सुखाने नांदतात, यावरून केवळ पूजेने रक्षण होत नाही हेच सिद्ध होते. परंतु नदीत राहणारा मासा, काठावरचा बगळा, चिखलातला खेकडा हे जीव आहेत. त्यांना पीडा होऊ नये म्हणून त्यांची वस्ती जाणून घेणे हा अहिंसेचा भाग आहे. अलिप्तता म्हणजे अजाणता नव्हे.

दुसरा आक्षेप : एका घराने तेल ओतले नाही, तर नदी काय शुद्ध होणार? हे काम शासनाचे व महानगरपालिकेचे आहे.

समाधान : शासनाचे काम मोठेच आहे व ते शासनाकडून करून घेतलेच पाहिजे. सांडपाणी शुद्ध करण्याच्या योजनेसाठी जपानच्या जायका संस्थेच्या साहाय्याचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. मुळा, मुठा व मुळा-मुठा यांच्या सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या काठांच्या सुधारणेचा प्रकल्प निघाला व ६ मार्च २०२२ रोजी त्याची कोनशिला बसविली गेली. त्याच्या बाजूने व विरुद्ध जाणत्या लोकांनी मते मांडली. काठ बांधावा की मोकळा ठेवावा, झाडे कोणती राखावीत, पुराला जागा किती द्यावी, हे प्रश्न नागरिकांपुढे आले. ज्याने नदी पुलावरून पाहिलेली नाही त्याला त्यावर मत कसे देता येईल? तो कोणाच्या तरी चित्राला भुलेल किंवा कोणाच्या तरी रागाला. राहिला एका घराचा प्रश्न. व्रत घेणारा इतरांनी घेतले की नाही हे पाहून घेत नाही.

तिसरा आक्षेप : नदीवर पक्षी तर पुष्कळ दिसतात, मग ती बिघडली असे का म्हणावे?

समाधान : येथेच एकदेशी ज्ञान फसविते. लांब तांबड्या पायांचे शेकाटे मुठेत थव्यांनी दिसतात. सांडपाण्यातील गाळात वाढणाऱ्या अळ्या त्यांना विपुल मिळतात, म्हणून ते जमतात. त्यांची गर्दी ही नदीच्या आरोग्याची खूण नाही. पाण्यात सूर मारून मासा पकडणारा खंड्या, काठावरच्या ओल्या दगडावर शेपटी हलविणारा धोबी, वंचक असे निरनिराळ्या सवयींचे पक्षी एकत्र दिसले तरच नदीची निरनिराळी अंगे शाबूत आहेत असे समजावे. संख्या मोजणे सोपे. प्रकार ओळखणे हे डोळसाचे काम.

वर्षाचा पाठ

कसबा पेठेतील, किंवा कोणत्याही नदीकाठच्या, वासनिक कुटुंबाने मुलांसह पुढील पाठ एक वर्ष चालवावा. वही एकच असावी आणि पाहिले तेवढेच लिहावे.

आषाढ-श्रावणात शिवाजी पुलावर, ज्याला जुने पुणेकर नवा पूल म्हणतात तेथे, उभे राहून पाण्याचा रंग, वेग व उंची पाहावी. पात्रात उतरू नये. धरणातून पाणी सुटल्याची वार्ता आली त्या दिवशीची व आदल्या दिवशीची नोंद शेजारी शेजारी ठेवावी. घरातील वृद्धांस १९६१ चे पाणी कोठवर आले होते हे विचारून ती जागा प्रत्यक्ष दाखवून घ्यावी.

भाद्रपदात विसर्जनानंतर काठ पाहावा. शाडूची माती पाण्यात विरघळते, प्लास्टरची मूर्ती तशीच पडून राहते. हा भेद मुलाने डोळ्यांनी पाहावा. महानगरपालिकेने ठेवलेले हौद कोठे आहेत तेही पाहावे.

मार्गशीर्ष-पौषात पक्षी पाहावेत. उत्तरेकडून हिवाळ्यात येणारे धोबी कोणत्या दिवशी प्रथम दिसले ते लिहावे. हा एवढासा पक्षी हिमालयाकडून वा त्याही पलीकडून येतो, हे सांगितले म्हणजे मुलाला आपल्या काठाचे जगाशी असलेले नाते कळते.

चैत्र-वैशाखात तांबटाचा आवाज, करंजाची नवी पालवी व उंबराची फळे यांची नोंद करावी आणि नदीला येऊन मिळणाऱ्या नळ्यांची तोंडे मोजावी. काठच्या वाळुंज, करंज, उंबर या मूळच्या झाडांपैकी कोणती उरली ते पाहावे. मग एक दिवस खडकवासल्यास जाऊन वरचे पाणी पाहावे व त्याच दिवशी परत येऊन संगमावरचे. एकाच दिवसात ही दोन पाणी पाहणाऱ्यास पुढे व्याख्यानाची गरज लागत नाही.

घरातील आचार त्याबरोबरच सुरू व्हावा. उरलेले तेल मोरीत ओतू नये. भांडी आधी पुसून मग धुवावीत. धुण्याची पूड मोजून घालावी. औषधे पाण्यात सोडू नयेत. पालापाचोळा व ओला कचरा कुजवून मातीत घालावा. यातील एकही गोष्ट खर्चाची नाही. उजनीच्या पाण्याने सोलापुरात जी घागर भरली जाते, तिच्यात कसब्याच्या मोरीचा अंश पोहोचतो, एवढे स्मरण पुरेसे आहे.

उपसंहार

जात्यंधांच्या दृष्टांतात शेवटी डोळस येतो. त्याने हत्तीला नवा अवयव जोडला नाही. जे जे प्रत्येकाच्या हाती लागले होते ते ते एका देहाचे आहे, इतकेच त्याने दाखविले. नदीच्या बाबतीत तेच करावयाचे आहे. पूर, नळ, मोरी, विसर्जन, मासा, शेकाट्या आणि सोलापूरची घागर ही एकाच देहाची अंगे आहेत, हे मुलाला पायी नेऊन दाखवावे. मातृभाषेतील नावांनी ते त्याच्या स्मरणात ठेवावे आणि घरच्या आचाराने पक्के करावे. सशाला गुडघ्याखाली आसरा देणाऱ्या सर्वज्ञांचे अनुसरण करणाऱ्यास, मुठेतील मुक्या जीवाला निदान विष तरी देऊ नये, एवढा नियम अवघड वाटू नये.

अध्ययनासाठी प्रश्न

१. आपल्या घरी येणारे पाणी कोणत्या नदीचे, व घरातून जाणारे सांडपाणी कोणत्या नदीस मिळते? पायी जाऊन शोधावे.

२. आपल्या गावातील ज्या ओढ्याला आज ‘नाला’ म्हणतात त्याचे जुने नाव वृद्धांस विचारून लिहावे.

३. स्थानपोथीच्या रीतीने, दिशा व खुणा देऊन, आपल्या नदीकाठच्या एका झाडाचे स्थान असे लिहावे की परका मनुष्यही ते वाचून तेथे पोहोचेल.

४. न दिसणाऱ्या जीवाविषयी अहिंसा कशी पाळावी? सशाच्या लीळेच्या आधारे विवरण करावे.